दहा बोटांमागचे गाव

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या आपणा सर्वांना पियानो ठाऊक आहे, तो एका ठराविक प्रसंगापुरता. श्रीमंताचा दिवाणखाना, वाढदिवसाची मेजवानी, आणि त्या काळ्या चकचकीत वाद्यापाशी बसून गाणे म्हणणारा दुःखी नायक! त्याची बोटे कुठे पडतात आणि सूर कुठले निघतात, हे पाहण्याची सवड कोणाला असते? पियानो म्हणजे बंगल्यातील एक शोभेची वस्तू, अशी आपली समजूत होऊन बसते. हे वाद्य महाग आहे, अवजड आहे आणि ते शिकायला वर्षानुवर्षे लागतात, हे खरेच. मग ज्यांच्या घरी बंगला नाही त्यांच्या मुलांनी ते शिकावे तरी कसे?

हा प्रश्न मला पडला तो अमेरिकेतील एका मुलीची हकीकत वाचताना. तिचे नाव युनिस वेमन. पुढे जगाने तिला नीना सिमोन या नावाने ओळखले, पण ती गायिका झाल्यानंतरची गोष्ट. युनिसला गायिका व्हायचे नव्हते. तिला व्हायचे होते अभिजात पाश्चात्त्य संगीताची पियानोवादक. ती कशी शिकली, तिच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला, दार कुठे बंद झाले आणि त्या दाराचा स्वतःचा इतिहास काय होता, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात करावयाचा आहे.

पेटी आणि पियानो

प्रथम वाद्याची थोडी ओळख करून घेऊ. आपली पेटी आणि पियानो यांच्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. पेटीत तीन-साडेतीन सप्तके, तर आजच्या पियानोत सात सप्तकांहून अधिक, म्हणजे एकंदर ८८ पट्ट्या असतात. साम्य इथेच संपते. पेटीत भात्याची हवा धातूच्या सुरांना थरथरवते, आणि भाता चालू असेतो सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर आपटते. सूर उमटतो आणि त्या क्षणापासून विरू लागतो. तो पुन्हा वाढवता येत नाही. जे काही करायचे ते आघात होण्यापूर्वी, बोटाच्या वजनाने आणि वेगाने करायचे. हलका स्पर्श केला तर हलका सूर आणि जोराने केला तर मोठा सूर, ही सोय इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्टोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने साधली. ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’ म्हणजे इटालियन भाषेत हळू आणि मोठ्याने. वाद्याचे नावच त्यावरून पडले.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर असतो, तर पियानोवादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर असतात. या दोन हातांनी दोन वेगळी कामे एकाच वेळी करायची, हीच या विद्येतील खरी कसोटी होय.

बोटांची शाळा

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याचे नाव पियानोच्या विद्यार्थ्याला फार लवकर ऐकावे लागते. त्याच्या काळी पियानो अद्याप रुळला नव्हता. त्याने लिहिले ते हार्पसिकॉर्डसारख्या जुन्या वाद्यांसाठी. तरीही आज जगभर पियानोचे शिक्षण त्याच्या रचनांवाचून पुरे होत नाही. त्याच्या ‘इन्व्हेन्शन्स’ नावाच्या पंधरा छोट्या रचना प्रत्येकी दोन स्वरपंक्तींच्या आहेत. उजव्या हाताने एक स्वरवाक्य म्हटले की लागलीच डावा हात तेच खालच्या सुरात म्हणतो, आणि तेवढ्यात उजवा हात पुढे निघून गेलेला असतो. जणू एकाच माणसाच्या दोन हातांची जुगलबंदी! कोणता हात मुख्य आणि कोणता साथीचा, असा भेद येथे नाही.

या रचना बाखने मैफलीसाठी लिहिल्या नव्हत्या. स्वतःच्या थोरल्या मुलाला आणि शिष्यांना शिकवताना त्या तयार झाल्या, आणि १७२३ साली त्याने त्यांची स्वच्छ प्रत केली तेव्हा आरंभीच, शिकू इच्छिणाऱ्यांसाठी त्या आहेत, असे लिहून ठेवले. थोर मानले गेलेले संगीत हे मुळात धडे होते, ही गोष्ट मला फार लक्षणीय वाटते.

हे धडे गिरवण्याची रीत मोठी चिकाटीची असते. आधी एकेक हात वेगळा बसवायचा. मग अगदी संथ लयीत दोन्ही जुळवायचे. कोणत्या सुरावर कोणते बोट पडणार हे ठरवून वहीत आकड्याने मांडायचे आणि ते पुन्हा बदलायचे नाही, कारण बोट बदलले की हाताची आठवण बिघडते. पाच बोटांत अनामिका सर्वांत हट्टी असते. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असल्याने ती एकटी उचलत नाही. तिला इतरांच्या बरोबरीला आणण्यात महिनेच्या महिने जातात. अंगठा तळव्याखालून सरकवून सप्तक ओलांडायचे, पण ऐकणाऱ्याला तो सांधा कळता कामा नये. गंभीरपणे शिकणाऱ्याचे रोजचे चार-पाच तास यात सहज जातात. तेवढा वेळ घरी वाद्य हवे, गुरू हवा आणि त्या तासांत मुलाला दुसऱ्या कामाला न जुंपणारे घर हवे. गरिबाच्या घरी या तिन्ही गोष्टी दुर्मिळ असतात.

रेल्वेरुळांपलीकडची शिकवणी

युनिसचा जन्म २१ फेब्रुवारी १९३३ रोजी, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ट्रायन या डोंगरपायथ्याच्या लहान गावी झाला. आठ भावंडांत ती सहावी. मंदीचे दिवस होते. वडील पडेल ते काम करीत. आई चर्चमध्ये धर्मोपदेश करी आणि पोटासाठी गोऱ्या लोकांच्या घरी घरकाम करी. कुटुंब कृष्णवर्णीय होते, आणि दक्षिणेतील त्या राज्यांत त्या काळी शाळा, गाडीतील बाके, उपाहारगृहे या सर्वांत वर्णभेद कायद्यानेच पाळला जाई.

तीन-चार वर्षांची असतानाच युनिस ऐकलेली भजने वाजवू लागली आणि लवकरच चर्चमध्ये साथ करू लागली. आई जिच्याकडे कामाला जाई त्या गोऱ्या बाईने मुलीचे वादन ऐकले आणि वर्षभर शिकवणीची फी देण्याचे कबूल केले. गुरू मिळाली ती ट्रायनमध्ये राहणारी इंग्रज बाई म्युरिएल मझानोविच. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडच्या गोऱ्या वस्तीत ही लहान मुलगी शिकायला जाऊ लागली. मझानोविचबाईंनी तिला बाख दिला. बाखमुळेच आपण आयुष्य संगीताला वाहिले, असे युनिसने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे.

वर्ष संपले. आता फी कोण देणार? येथे ट्रायन गावाने एक गोष्ट केली. गुरूच्या पुढाकाराने ‘युनिस वेमन निधी’ उभा राहिला, आणि चर्चमध्ये व गावात त्यासाठी वर्गणी जमू लागली. गोऱ्यांनी दिली, कृष्णवर्णीयांनीही दिली. त्यात कुणाचे किती होते याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. फी भरायच्या शेवटच्या तारखेला घरातल्या कोणाकोणाचे हात खिशात जातात ते मी पाहिलेले आहे. पैसा थोडा असला तरी त्यामागचा भरवसा मोठा असतो, आणि तो घेणाऱ्याच्या खांद्यावर बसतो. युनिसनेही पुढे लिहिले आहे ते याच ओझ्याबद्दल. संबंध गाव आपल्याकडे पाहते आहे, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

मैफल आणि पहिली रांग

निधीच्या बदल्यात युनिसने गावाला वाजवून दाखवायचे, असा रिवाज पडला. पाश्चात्त्य पद्धतीच्या अशा एकट्याच्या वादनाला ‘रिसायटल’ म्हणतात. हा शब्द १८४० साली लंडनला फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाच्या कार्यक्रमांसाठी वापरात आला. आपल्या मैफलीहून हा प्रकार बराच निराळा. रचना आधीच लिहिलेली असते. तिच्यात एक सूरही बदलायचा नाही. वादक सहसा कागद समोर न ठेवता सर्व काही पाठ वाजवतो. श्रोते मधे दाद देत नाहीत, ‘वाहवा’ म्हणत नाहीत. रचना संपेपर्यंत शांत राहतात. त्या शांततेत एक चूकही लपत नाही. मग वादकाचे स्वतःचे असे काय उरते? उरते ते स्पर्शाचे वजन, लयीचे ताणणे-सैल करणे, आणि एकात एक गुंतलेल्या स्वरपंक्तींतून कोणती केव्हा पुढे आणायची हा विवेक. नट जसा नाटककाराची वाक्ये न बदलता भूमिका स्वतःची करतो, तसेच हे होय.

युनिस अकराएक वर्षांची असताना अशाच एका रिसायटलच्या वेळी तिचे आईवडील चांगले कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. गोऱ्या कुटुंबाला जागा करून देण्यासाठी त्यांना उठवून मागे नेण्यात येऊ लागले. ते दोघे मुकाट्याने उठलेही. आत्मचरित्रात ती सांगते की तेव्हा ती उभी राहिली आणि आईवडील पुढे बसणार नसतील तर आपण वाजवणार नाही, असे तिने सर्वांसमक्ष सांगितले. त्यांना पुन्हा पुढे बसवण्यात आले.

या प्रसंगाचा विचार केला म्हणजे मन दुभंगते. जे गाव मुलीच्या फीसाठी वर्गणी देत होते, तेच गाव तिच्या आईला पहिल्या रांगेतून उठवत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मदत करणारा हात आणि पायरी दाखवणारा हात पुष्कळदा एकच असतो, हे आपल्या समाजात वाढलेल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

गुरुपरंपरा आणि बंद दार

पुढे ॲशव्हिल येथील ॲलन हायस्कूल या कृष्णवर्णीय मुलींच्या निवासी शाळेतून युनिस १९५० साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडली. त्या उन्हाळ्यात निधीच्याच आधाराने ती न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या विख्यात संगीतशाळेत कार्ल फ्रीडबर्ग यांच्याकडे शिकली. फ्रीडबर्ग हे क्लारा शूमान (१८१९–१८९६) यांचे शिष्य. क्लारा शूमान म्हणजे एकोणिसाव्या शतकातील युरोपातील अग्रगण्य पियानोवादिका. मैफलीत पाठ वाजवण्याची प्रथा ज्यांनी रुजवली त्यांत त्यांची गणना होते. आठ मुलांची ही आई १८७८ पासून फ्रँकफर्टच्या होख संगीतशाळेत शिकवीत होती. आपल्याकडे घराणे सांगतात तसे सांगायचे तर, क्लारा शूमान, त्यांचे शिष्य फ्रीडबर्ग, आणि त्यांच्यापुढे बसलेली ट्रायनच्या मोलकरणीची मुलगी! विद्या अशी चालत येते. तिला रेल्वेरूळ आडवे येत नाहीत.

माणसांना मात्र येतात. फिलाडेल्फिया शहरातील कर्टिस संस्थेत प्रवेश मिळवणे हे युनिसचे ध्येय होते. १९२४ साली स्थापन झालेली ही संस्था निवडक विद्यार्थी घेते आणि १९२८ पासून कोणाकडूनही शिकवणीची फी घेत नाही. गरिबाला यापरते काय हवे? मुलगी तेथे शिकेल या भरवशावर घरची मंडळी फिलाडेल्फियाला राहायला आली. १९५१ साली युनिसने प्रवेशपरीक्षा दिली. प्रवेश नाकारण्यात आला.

कारण काय? आपल्या वर्णामुळे आपल्याला नाकारले, अशी युनिसची आयुष्यभर खात्री होती. दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. कर्टिसमधील अध्यापक व्लादिमिर सोकोलॉफ यांनी पुढे तिला खाजगी रीतीने शिकवले. त्यांच्या मते कारण वर्णाचे नव्हते, इतर उमेदवार सरस होते. त्या संस्थेतून कृष्णवर्णीय विद्यार्थी आधीही बाहेर पडले होते. जॉर्ज वॉकर हे पियानोवादक व संगीतकार १९४५ चे पदवीधर. निकाल लावणे आपल्या हाती नाही. एवढे मात्र खरे की ज्या देशात बसायची जागा रंगावरून ठरत होती, तेथे नाकारल्या गेलेल्या मुलीला परीक्षकाच्या हेतूबद्दल शंका न येणे अशक्य होते. अन्यायाच्या राज्यात न्याय्य नकारसुद्धा न्याय्य वाटत नाही. ही त्या राज्याने स्वतःच्या संस्थांचीच केलेली हानी होय.

पाच सेंटची शाळा

आता या बंद दाराचा पूर्वेतिहास पाहू. तो बोधप्रद आहे. १९०८ साली दक्षिण फिलाडेल्फियातील गरीब, बहुतांशी परदेशांतून आलेल्या कामकऱ्यांच्या वस्तीत दोन तरुण स्त्रियांनी मुलांना पियानो शिकवायला सुरुवात केली. एका धड्याची फी होती पाच सेंट! शिकायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली. यातून ‘सेटलमेंट म्युझिक स्कूल’ ही वस्तीतील संगीतशाळा वाढली. मेरी लुइझ कर्टिस बोक या प्रकाशक घराण्यातील स्त्रीने आपल्या आईच्या स्मरणार्थ दीड लाख डॉलर देऊन तिला १९१७ साली स्वतःची वास्तू मिळवून दिली. पुढे त्या शाळेतील अधिक तयारीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विभाग वेगळा काढण्यात आला. १९२४ ची कर्टिस संस्था ती हीच.

म्हणजे जगातील अत्यंत निवडक अशा या संस्थेचे मूळ पाच सेंटच्या शिकवणीत आहे. वस्तीतील शाळा आणि निवडकांची संस्था या एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. एक विचारते, ‘तुला शिकायचे आहे का?’ दुसरी विचारते, ‘तू सर्वोत्तम आहेस का?’ दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत, हे मी मान्य करते. पण पहिला प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत मुले पोहोचणार कशी? सेटलमेंट शाळा आजही फिलाडेल्फियात अनेक शाखांतून चालते.

त्याच शहरात युनिसच्याच वयाची आणखी एक कृष्णवर्णीय मुलगी होती, ब्लांश बर्टन-लाइल्स. तिला कर्टिसमध्ये प्रवेश मिळाला आणि १९५४ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली. मैफली करूनही तिने आयुष्याचा मोठा भाग फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक शाळांतील मुलांना संगीत शिकवण्यात घालवला. दार उघडले तेव्हा ते एकीपुरते उघडले नाही, असे म्हणायला हरकत नाही.

युनिसनेही शिकवले. नकारानंतर गायनाच्या एका शिकवणीत साथ करण्याचे काम तिने धरले. मग रस्त्यालगत एक जागा भाड्याने घेऊन स्वतःच्या शिकवण्या सुरू केल्या. त्या कमाईत सोकोलॉफ यांची फी भागेना, म्हणून १९५४ च्या उन्हाळ्यात ॲटलांटिक सिटीतील एका मद्यालयात आठवड्याला ९० डॉलरवर पियानो वाजवण्याची नोकरी तिने पत्करली. तेथे मालकाने गायलाही सांगितले. धर्मोपदेशक आईला कळू नये म्हणून तिने नाव बदलले, आणि नीना सिमोनचा जन्म झाला.

काय उरले

बोटांत मुरलेला बाख मात्र मद्यालयातही गेला नाही. ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ या तिच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात मधेच गाणे थांबते आणि दोन हातांत बाखच्या पद्धतीची स्वरपंक्तींची गुंफण सुरू होते. एप्रिल १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती वाजवायला बसली. पण अभिजात पियानोवादक म्हणून तेथे बसण्याचे स्वप्न वेगळे होते, ही खंत तिला कायम राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बाँबस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली ठार झाल्या, आणि तिचे संगीत नागरी हक्कांच्या चळवळीशी उघडपणे जोडले गेले. २००३ साली कर्टिस संस्थेने तिला सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर दोन दिवसांनी, २१ एप्रिल २००३ रोजी, फ्रान्समध्ये तिचे निधन झाले. बावन्न वर्षांनी उघडलेल्या दारातून आत जायला तिच्यापाशी दोन दिवस होते.

यातून आपण काय घ्यावे? कलावंत जन्मावा लागतो, असे आपण सहज म्हणून जातो. जन्मतो तो कान. बाकी सर्व कोणीतरी द्यावे लागते. कोणी फी देते, कोणी वाद्य देते. कोणी शिकवते, तर कोणी पहिल्या रांगेत येऊन बसते. दहा बोटांमागे एक गाव असावे लागते. आणि ज्याला गावाने दिले त्याने परत करायचे ते गावालाच, शिकवून.

आपल्याकडे पियानो नाही. पण पेटी आहे, तबलाजोडी आहे. स्नेहसंमेलन संपले की ती वर्षभर कपाटात कुलूपबंद असतात. आपल्यातल्या पाच-सहा जणांना ती वाजवता येतात, आणि कॉलेजच्या मागच्या वस्तीतील मुले संमेलनाच्या तालमीच्या वेळी खिडकीच्या गजांना धरून उभी असतात. दर रविवारी सकाळी दोन तास ते कपाट उघडावे, आणि ज्यांना येते त्यांनी त्या मुलांना शिकवावे, एवढीच सूचना मी प्राध्यापकवर्गापुढे आणि माझ्या वर्गबंधुभगिनींपुढे ठेवते. पाच सेंटसुद्धा घेण्याची गरज नाही.